मदत थांबवली की माणूस उभा राहतो का?

तुमचा प्रश्न मला असा समजला: सरकारी मदत वर्षानुवर्षं मिळत राहिली की लोक तिच्यावर विसंबतात, स्वतः काही करायची उमेद राहत नाही. म्हणून मदत टप्प्याटप्प्यानं बंद करावी आणि लोकांचे गट, वस्तीच्या संघटना यांना बळ द्यावं. गरिबी खऱ्या अर्थानं त्यातूनच हटेल. हे बरोबर आहे का?

माझी बरीच वर्षं बचत गट, वस्तीपातळीवरच्या समित्या आणि योजनांचे अर्ज यांतच गेली. लोक एकत्र आले की काय घडू शकतं हे मी जवळून पाहिलं आहे आणि त्यावर माझा विश्वास आहे. तरीही मदत काढून घेऊन तिच्या जागी संघटना उभी करावी, हे मला मान्य नाही. परावलंबन असतं, ते मी नाकारत नाही. पण ते पैसा मिळाल्यामुळे क्वचित येतं. हा पैसा केव्हा थांबेल, कोणाच्या सहीनं थांबेल आणि आपण चार पैसे कमवायला लागलो तर हातचं काय काय जाईल, याची धास्ती कायम असते. परावलंबन या धास्तीतून येतं. मदत खात्रीची असेल तर माणूस धोका पत्करतो. धोका पत्करणारी माणसं असतील तरच गट टिकतो.

आधी आळसाबद्दल बोलते, कारण बहुतेक चर्चा तिथंच अडकते. मदत मिळाली की लोक काम सोडतात का, हे तपासता येतं आणि ते अनेकदा तपासलं गेलं आहे. अभिजित बॅनर्जी, रेमा हॅना, गॅब्रिएल क्राइंडलर आणि बेंजामिन ओल्केन यांनी २०१७ साली सहा देशांतल्या सात सरकारी रोख-मदत योजनांची आकडेवारी एकत्र मांडली. मेक्सिको, होंडुरास, निकाराग्वा, फिलिपीन्स, इंडोनेशिया आणि मोरोक्को हे ते देश. मदत कोणाला मिळेल हे या योजनांत चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं होतं, त्यामुळे मिळालेल्यांची आणि न मिळालेल्यांची तुलना सरळ करता येत होती. मदत मिळाल्यामुळे स्त्रियांनी किंवा पुरुषांनी काम कमी केलं, असा ठोस पुरावा त्यांना सापडला नाही. दारू आणि तंबाखूचंही तसंच. डेव्हिड इव्हान्स आणि आना पोपोवा यांनी अनेक देशांतले अभ्यास पडताळले. हाती पैसा आला म्हणून व्यसनांवरचा खर्च वाढला, असं चित्र दिसलं नाही.

श्रीमंत देशांतही फार वेगळं दिसत नाही. अमेरिकेतल्या अलास्का राज्यात तेलाच्या उत्पन्नातून उभारलेल्या निधीचा वाटा १९८२ पासून जवळपास प्रत्येक रहिवाशाला दरवर्षी मिळतो. एकूण रोजगार त्यामुळे घटला नाही. अर्धवेळ काम मात्र थोडं वाढलं. फिनलंडनं २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षं दोन हजार बेरोजगारांना महिन्याला ५६० युरो दिले. नोकरी लागली तरी ते थांबणार नव्हते. या लोकांनी हातपाय गाळले नाहीत. उलट त्यांचे कामाचे दिवस किंचित वाढले आणि मनावरचा ताण कमी झाला. कॅनडातल्या डॉफिन या छोट्या शहरात १९७४ ते १९७९ या काळात किमान उत्पन्नाची हमी देणारा प्रयोग झाला. त्याची कागदपत्रं कित्येक वर्षं खोक्यांत पडून होती. एव्हलिन फर्गेट या अर्थतज्ज्ञ बाईंनी ती पुढे तपासली, तेव्हा रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण तुलनेतल्या लोकांपेक्षा साडेआठ टक्क्यांनी घटल्याचं आणि अधिक मुलं शाळेच्या शेवटच्या वर्गापर्यंत टिकल्याचं दिसलं. किशोरवयीन मुलगा कामावर जायचा थांबून शाळेत गेला तर हिशोबात ‘काम घटलं’ अशी नोंद होते. असे आकडे वाचताना हे लक्षात ठेवायला हवं.

मग ही समजूत एवढी खोल कशी रुजली? तिला फार जुना इतिहास आहे. १७९५ मध्ये इंग्लंडच्या बर्कशायर परगण्यातल्या न्यायाधिकाऱ्यांनी पावाच्या किमतीनुसार शेतमजुरांच्या मजुरीत भर घालायची पद्धत सुरू केली. पुढे मजुरी पडली, बेकारी वाढली, आणि सगळा दोष त्या मदतीवर आला. शाही आयोग नेमला गेला आणि त्याच्या अहवालावरून १८३४ चा कायदा झाला: मदत हवी तर दरिद्रीगृहात या, आणि तिथली अवस्था बाहेरच्या सगळ्यांत हलक्या मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे. मार्क ब्लॉग या अर्थतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात हे सगळं पुन्हा तपासलं. त्यांना आढळलं की आयोगानं स्वतः गोळा केलेली माहितीही नीट वापरली नव्हती. निष्कर्ष आधी ठरला होता. हंगाम संपला की मजुरांना काम नसे आणि मजुरी आधीपासूनच तुटपुंजी होती. मदत त्या दुखण्यावर आलेली होती. तरी ‘मदत घेणाऱ्याला थोडं अपमानित केलं तरच तो कामाला लागेल’ हा विचार टिकला. रांगेत उभं करणं, दर वर्षी तोच दाखला मागणं, वृद्ध बाईला हयातीचा पुरावा द्यायला चार चकरा मारायला लावणं, यांमागे मला आजही तोच विचार दिसतो आणि त्याची चीड येते.

आता परावलंबन कुठं खरं आहे, ते पाहू. अमेरिकेत एकट्या आयांच्या कुटुंबांसाठी १९३५ पासून रोख मदतीची योजना होती. १९६७ मध्ये नियम झाला की बाईनं कमावलेल्या पैशातला काही भाग मोजायचा नाही, म्हणजे काम केल्यावर हाती काहीतरी उरेल. १९८१ मध्ये ही सवलत पहिल्या चार महिन्यांपुरती उरली. त्यानंतर कमावलेल्या जवळजवळ प्रत्येक डॉलरमागे मदतीतला एक डॉलर कापला जाऊ लागला. प्रवासाचा खर्च आणि मूल सांभाळायचा खर्च धरला तर नोकरी करणारी बाई घरी बसलेल्या बाईपेक्षा तोट्यात जाणार. तिनं नोकरी घेतली नाही तर तिला आळशी म्हणायचं का? मी ओळखते अशा कितीतरी बाया महिन्याचा पक्का पगार नको म्हणतात, रोजंदारीच बरी म्हणतात, कारण उत्पन्न कागदावर आलं की शिधापत्रिकेपासून दवाखान्याच्या सवलतीपर्यंत सगळं एकदम जातं, आणि ती नोकरी सहा महिन्यांत सुटली तर परत मिळवायला दोन वर्षं लागतात. त्यांचं गणित चुकलेलं नसतं. नियमच असा केलेला असतो की एक रेघ ओलांडली की कडेलोट.

यावर उपाय आहे आणि तो वापरलाही गेला आहे. त्याच अमेरिकेत १९७५ पासून कमी कमाईच्या कामगारांना करातून परतावा मिळतो. तो कमाईबरोबर आधी वाढतो, मग काही टप्प्यापर्यंत स्थिर राहतो आणि पुढे हळूहळू उतरतो. कामाकडे ओढणारी मदत असू शकते, फक्त तिचा उतार सौम्य हवा.

याच देशातली आणखी एक गोष्ट या क्षेत्रातल्या प्रत्येकानं समजून घ्यावी अशी आहे. मेरी जो बेन आणि डेव्हिड एलवुड यांनी १९८० च्या दशकात तपासलं की लोक मदतीवर किती काळ राहतात. योजनेत शिरणाऱ्यांपैकी बरेच जण वर्षा-दोन वर्षांत बाहेर पडत होते. पण कोणत्याही एका दिवशी यादी उघडली तर त्यात दीर्घकाळ असलेल्यांचाच भरणा दिसे. रुग्णालयात वर्षभरात येणारे बहुतेक रुग्ण दोन-चार दिवसांत घरी जातात, पण एखाद्या दिवशी खाटा मोजल्या तर जुनाट आजाराचेच रुग्ण जास्त दिसतात, तसं हे आहे. आपण वस्तीत जातो, तीच ती नावं यादीत बघतो आणि म्हणतो, ‘बघा, कोणीच बाहेर पडत नाही.’ जे बाहेर पडले ते यादीत नसतातच. जे राहिले त्यांच्यात आजार, अपंगत्व, म्हातारपण, लहान मुलं, मारहाण करणारा नवरा अशी कारणं दाटलेली असतात. मुदत घालून ती सुटत नाहीत. १९९६ मध्ये अमेरिकेनं तशी मुदत घातली: आयुष्यात एकूण साठ महिने, आणि राज्यांना ठरावीक रकमेचा निधी. यादी झपाट्यानं लहान झाली. त्या वर्षांत अर्थव्यवस्था तेजीत होती आणि कामावर असणाऱ्यांना मिळणारा तो परतावाही वाढला होता, त्यामुळे अनेक आया नोकरीला लागल्या. पण सगळ्यांत खालच्या थरातल्या ज्यांना नोकरी टिकवता आली नाही, त्यांच्याकडे आता ना पगार होता ना मदत. यादी लहान झाली म्हणजे गरिबी कमी झाली, असं मानणारा अधिकारी भेटला की मी त्याला हेच सांगते.

परावलंबनाचं दुसरं मूळ मध्यस्थात आहे. मदत हक्कानं आणि ठरलेल्या तारखेला आली तर माणूस कोणाचा मिंधा राहत नाही. ती कधी येते, कधी येत नाही, कोणाच्या शिफारशीनं नाव चढतं आणि कोणाच्या रागानं उतरतं, असं झालं की तो त्या शिफारस करणाऱ्याचा माणूस होतो. त्याच्या सभेला जातो, त्याच्याकडे कमी मजुरीत राबतो. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेनं १९९४ पासून जनसुनवाया घेतल्या. हजेरीपटातली नावं आणि रकमा गावासमोर मोठ्यानं वाचायच्या, आणि ज्याचं नाव आहे त्यानं उभं राहून सांगायचं की पैसे मिळाले की नाही. कधीच न झालेली कामं आणि कधीच न दिलेली मजुरी तिथं उघड झाली. पुढे माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा आला, त्यामागे या सुनवायांचा मोठा हात होता. मदतीवरचं अवलंबन कमी करायचं असेल तर आधी मध्यस्थावरचं अवलंबन तोडावं लागतं. आणि ते तोडायला लोकसंघटना लागतेच.

तुमच्या बाजूचा सगळ्यांत वजनदार युक्तिवाद मी टाळणार नाही. ऑस्ट्रेलियात केप यॉर्क द्वीपकल्पातले आदिवासी नेते नोएल पीअरसन यांनी २००० च्या सुमारास मांडलं की काहीही न मागता येत राहिलेल्या सरकारी पैशानं त्यांच्या समाजातली परस्पर जबाबदारीची वीण उसवली, दारू आणि हिंसाचार वाढला. हे बाहेरच्या कोणी म्हटलेलं नाही, समाजाच्या आतून आलेलं आहे, म्हणून ते गंभीरपणे घ्यावं लागतं. २००८ मध्ये तिथल्या चार वस्त्यांसाठी एक आयोग झाला, त्यात स्थानिक ज्येष्ठ मंडळी बसत. मूल शाळेत जात नसेल, घराची आबाळ होत असेल, तर ते कुटुंबाला बोलावत, बोलत, मदतीच्या सेवांकडे पाठवत, आणि शेवटचा मार्ग म्हणून मदतीच्या पैशाचा काही भाग ठरावीक खर्चासाठी बांधून ठेवत. एक वर्ष आधी, २००७ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्याच नॉर्दर्न टेरिटरी या प्रदेशात केंद्र सरकारनं असंच पैशावरचं बंधन वरून, सरसकट लादलं. त्यासाठी वंशभेदविरोधी कायदाही बाजूला ठेवला. त्या बंधनाचं नंतर मूल्यमापन झालं तेव्हा अपेक्षित बदल घडल्याचा भरवशाचा पुरावा मिळाला नाही, आणि काही लोक व्यवस्थेवर आणखी विसंबल्याचं दिसलं. म्हणजे परावलंबन मोडायला निघालेल्या योजनेनं लोकांच्या हातातले निर्णयच काढून घेतले. केप यॉर्कच्या आयोगाबद्दल मतभेद आहेत, पण तिथं मदत बंद केली नव्हती, हे विसरू नका.

आता लोकांच्या गटांकडे वळते. गट जे करू शकतो ते ना रोख पैसा करू शकतो ना कार्यालयातला कारकून.

गटाला माणसं माहीत असतात. इंडोनेशियात ६४० गावांत एक प्रयोग झाला: कुठं घर, भिंती, सामान अशा निकषांवरून गरीब ठरवले, कुठं गावानं बैठक घेऊन क्रम लावला. दरडोई खर्चाच्या मोजपट्टीवर निकषांची पद्धत थोडी सरस ठरली. पण गावानं निवडलेली कुटुंबं लोकांच्या स्वतःच्या समजुतीतल्या गरिबीशी जास्त जुळत होती, आणि लोक त्या यादीवर कितीतरी अधिक समाधानी होते. विधवा बाईचं घर पक्कं आहे पण कमावणारा हात उरला नाही, हे कोणत्याही फॉर्ममध्ये येत नाही. शेजारणीला ते माहीत असतं.

गट बचत सांभाळतो. आफ्रिकेतल्या नायजर देशात १९९१ मध्ये केअर या संस्थेनं स्त्रियांचे जे बचत गट सुरू केले, त्यांत बाहेरचा एक पैसाही नव्हता. बायका दर आठवड्याला ठरलेली रक्कम टाकत, त्यातूनच एकमेकींना कर्ज देत, आणि साधारण वर्षाअखेरीला व्याजासह सगळी रक्कम वाटून घेऊन नवं वर्ष सुरू करत. ही पद्धत पुढे अनेक देशांत पसरली. वर्षाअखेरची वाटणी मला फार मोलाची वाटते, कारण त्या दिवशी प्रत्येक पैशाचा हिशोब सगळ्यांसमोर लागतो आणि चोरी लपत नाही.

पण गटांबद्दल मला इतका जिव्हाळा असल्यामुळेच त्यांच्या मर्यादा स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली मर्यादा जोखमीची. एका सदस्येचं मूल आजारी पडलं तर बाकीच्या नऊ जणी तिला सावरतात. दुष्काळ पडला, पूर आला, कारखाना बंद झाला तर दहाही जणी एकाच वेळी बुडतात, आणि गटाची पेटी ज्या दिवशी सगळ्यांत जास्त लागते त्याच दिवशी रिकामी होते. अशा संकटात बाहेरून येणाऱ्या हमीला पर्याय नाही. महाराष्ट्रानं १९७२ च्या दुष्काळात ही गोष्ट ओळखली आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला. वि. स. पागे यांची ती कल्पना. मागेल त्याला काम, आणि त्यासाठीचा पैसा शहरी पगारदारांच्या व्यवसाय करातूनही. शेतीचा हंगाम आला की या कामांवरची गर्दी ओसरते. ज्याला दुसरीकडे बरी मजुरी मिळते तो उन्हात माती उचलायला येत नाही. लोक मदतीला चिकटून बसतात म्हणणाऱ्यांनी त्या कामांचा हंगामागणिक चढउतार पाहावा.

दुसरी मर्यादा अशी, की सगळ्यांत गरीब माणूस गटात नसतोच. हप्ता भरता येणार नाही म्हणून तो येत नाही, आणि आला तर बाकीचे त्याला घ्यायला कचरतात, कारण त्याच्या थकबाकीचा भार त्यांच्यावर पडतो. जातीची, भाषेची, ‘त्या’ गल्लीतल्या लोकांची आडकाठी वेगळीच. ‘समाज’ म्हणजे एक मन, एक हित, असं कुठंही नसतं. बैठकीत कोण बोलतं, कोण दाराशी उभं राहतं आणि कोणाला निरोपच जात नाही, हे पाहिल्याशिवाय लोकसहभाग झाला असं अहवालात लिहू नये.

तिसरी मर्यादा: बैठका घेतल्यानं सत्ता बदलत नाही. सिएरा लिओनमध्ये यादवी युद्धानंतर गावांना निधी आणि निर्णयप्रक्रियेचं प्रशिक्षण देणारा कार्यक्रम राबवला गेला. कॅथरीन केसी, रेचल ग्लेनरस्टर आणि एडवर्ड मिगेल यांनी २०१२ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. गावात सुविधा झाल्या, व्यवहारही वाढले, पण कार्यक्रम संपल्यावर बायकांचा आणि तरुणांचा निर्णयातला वाटा होता तेवढाच राहिला. बेंजामिन ओल्केन यांनी इंडोनेशियातल्या सहाशेहून अधिक गावांत रस्त्याच्या कामातली चोरी मोजली. लेखापरीक्षण होणारच असं जाहीर केलं तिथं गायब होणारा पैसा सुमारे आठ टक्के बिंदूंनी घटला. नुसता लोकसहभाग वाढवला तिथं सरासरीनं फारसा फरक पडला नाही. म्हणजे गावाची नजर आणि सरकारची तपासणी दोन्ही लागतात.

कर्जाबद्दल थोडक्यात. लघुकर्ज म्हणजे गरिबी हटवण्याचा राजमार्ग, असं एके काळी सगळीकडे बोललं जाई. बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को या सहा देशांतले अभ्यास २०१५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. कर्जानं लोकांना थोडी मोकळीक मिळाली, आयुष्य पालटलं नाही. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात एकाच घरावर तीन-चार कंपन्यांची कर्जं आणि वसुलीचा जाच, यातून मोठं संकट उभं राहिलं. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला पहिल्या दिवशी कर्ज देऊ नये, एवढं तरी आपण त्यातून घ्यावं.

हमी आणि गट, दोन्ही एकत्र आले की काय होतं, याचं मला सगळ्यांत पटलेलं उदाहरण बांगलादेशातलं आहे. ब्रॅक या संस्थेला दिसलं की आपल्या कर्जगटांत सगळ्यांत गरीब बाया येतच नाहीत. २००२ मध्ये त्यांनी वेगळा कार्यक्रम सुरू केला. गावानंच बसून कुटुंबांचा क्रम लावायचा. निवडलेल्या बाईला गाय, शेळ्या किंवा छोट्या धंद्याचं सामान कर्जानं नव्हे, असंच द्यायचं. ते उत्पन्न देईपर्यंत पोटापुरता भत्ता, म्हणजे तिला गाय विकावी लागू नये. सोबत प्रशिक्षण, दवाखान्याची सोय, बचतीची सवय, आणि साधारण दोन वर्षं कार्यकर्तीची नियमित घरभेट. त्याबरोबर गावातल्या बऱ्या स्थितीतल्या लोकांची एक समिती, जी गाय चोरीला जाऊ नये, नवऱ्यानं किंवा सावकारानं ओढून नेऊ नये, हे पाहते. ही समिती बाहेरून फार लहान वाटते, पण तिच्याशिवाय दिलेली मालमत्ता किती दिवस टिकली असती, याची मला शंका आहे.

हीच पद्धत इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू या सहा देशांत पडताळून २०१५ मध्ये निष्कर्ष छापले गेले. कार्यक्रम संपल्यावर एक वर्षानंतरही कुटुंबांचा खर्च, मालमत्ता, जेवण सुधारलेलं होतं. होंडुरासमध्ये मात्र दिलेल्या कोंबड्या रोगानं मेल्या आणि मालमत्तेचा फायदा विरला. त्यामुळे पशुवैद्यक कोण, किती लांब, हे आधी विचारा. बांगलादेशातल्याच कुटुंबांचा अकरा वर्षं माग काढणाऱ्या दुसऱ्या एका अभ्यासात आणखी महत्त्वाचं निघालं. मदतीमुळे ज्यांची मालमत्ता एका ठरावीक उंबरठ्याच्या वर गेली ती कुटुंबं पुढे स्वतःच्या बळावर चढत राहिली. जी खाली राहिली ती पुन्हा मूळ जागी घसरली. थोडीथोडी, पोटापुरतीसुद्धा न पुरणारी मदत वर्षानुवर्षं देत राहिलं की माणूस त्या उंबरठ्याखालीच राहतो, आणि मग आपण म्हणतो की तो परावलंबी झाला. अशा वेळी मदत कमी करायची नसते, एकदा पुरेशी द्यायची असते.

गटाच्या हाती हक्क आला तर चित्र आणखी बदलतं. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही बांबू बाहेर नेण्याचा परवाना ग्रामसभेच्या हाती यायला २०११ उजाडलं. ग्रामसभा त्या आधीही भरत होती, सगळ्यांच्या सहमतीनं निर्णय घेत होती. पण बांबूचं उत्पन्न गावाच्या खात्यात येऊ लागलं ते हक्क आणि परवाना दोन्ही मिळाल्यावर. केरळातल्या कुटुंबश्री या स्त्रियांच्या गटांच्या जाळ्यामागेही १९९८ पासून पंचायतींचं पाठबळ आहे. २०२१ मध्ये तिथं अतिगरीब कुटुंबं शोधायला सुरुवात झाली, ६४,००६ निघाली, आणि प्रत्येकाचा वेगळा आराखडा झाला: कोणाला घर, कोणाला रोजचं जेवण, कोणाला औषधं, कोणाला फक्त ओळखपत्र. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्यानं अतिदारिद्र्यमुक्तीची घोषणा केली तेव्हा काही अभ्यासकांनी यादीच्या निकषांवर प्रश्न विचारले, आणि ते विचारायलाच हवेत. पण कुटुंबागणिक आराखडा ही पद्धत मला योग्य वाटते. कायमच्या अंथरुणाला खिळलेल्या माणसाला धंदा काढायला सांगणं क्रूर आहे. त्याच्यासाठी मदत आयुष्यभर असणार आणि त्यात काहीही वावगं नाही.

तुम्ही स्वतः काम सुरू करणार असाल तर पहिले काही महिने नवा गट काढू नका. लोकांना जे आधीच देय आहे ते मिळवून द्या: पेन्शन, धान्य, मजुरीची थकबाकी, दाखले. हे काम कंटाळवाणं आहे, पण लोकांचा तुमच्यावर विश्वास बसतो तो इथं, आणि कोण यादीबाहेर आहे हे घरोघरी गेल्यावरच कळतं. मग बचत सुरू करा, रक्कम सगळ्यांत गरीब बाईला झेपेल एवढी ठेवा, आणि बाहेरचा निधी गटाला स्वतःचे हिशोब लिहिता येईपर्यंत आणू नका. बायकांच्या फुकट श्रमांवर कार्यक्रम चालवू नका. बैठक, नोंदी, सर्वेक्षण, जनजागृती हे सगळं त्यांच्याच माथी पडतं, त्याचा मोबदला अंदाजपत्रकात धरा. मदतीचा कोणता नियम लोकांना कमाई लपवायला लावतो, हे गटालाच विचारा, ते लिहून काढा आणि अधिकाऱ्यांपुढे नेऊन ठेवा. मुदतीऐवजी उताराची मागणी करा: कमाई वाढली तरी निदान वर्षभर मदत चालू, नंतर हळूहळू कमी, आणि काम सुटलं तर पुन्हा अर्ज न करता पूर्ववत.

आणि बाहेर पडायचं तेव्हा आधी तुम्ही बाहेर पडा, मदत नव्हे. तुमच्याशिवाय दोन वाटण्या सुरळीत झाल्या, अध्यक्ष भांडणाशिवाय बदलली आणि एक वाईट हंगाम गटानं काढला, तर काम रुजलं असं समजा. कोणत्या कुटुंबाला आता मदतीची गरज नाही, हे त्या वाईट हंगामानंतर त्यांच्यासोबत बसूनच ठरवा. चांगल्या वर्षाच्या आकड्यांवरून ठरवू नका.